जांभळ्या जीवाणूंत प्रकाशाची ऊर्जा एका रेणूकडून दुसऱ्याकडे जाते ती कशी?

हा प्रश्न मुंबईतल्या एका विद्यार्थिनीचा आहे. सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. तिने विचारलं ते थोडक्यात असं: "पुस्तकात जांभळ्या जीवाणूंच्या पटलातल्या गोल कड्यांचं चित्र आहे. एका कड्यातून दुसऱ्या कड्यात बाण काढलाय आणि त्यावर नुसतं 'ऊर्जा' लिहिलंय. म्हणजे नेमकं काय जातं? इलेक्ट्रॉन जातो का? की एक रेणू प्रकाश सोडतो आणि दुसरा तो शोषतो? आणि हे सगळं क्वांटम कॉम्प्युटरसारखं चालतं असं वाचलं, ते खरं का?"

लेझरच्या अतिशय लहान स्पंदांनी अशा रेणूंची मोजमापं करण्यात माझी सव्वीस वर्षं गेली आहेत. त्यातली बरीचशी त्या बाणावरच गेली, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी सरळ उत्तर. कड्यांमधून इलेक्ट्रॉन जात नाही. प्रकाशही बाहेर पडून पुन्हा शोषला जात नाही. एका रेणूची उत्तेजना, म्हणजे प्रकाशाने त्याला आलेली जादा ऊर्जा, शेजारच्या रेणूकडे जाते.

सतार जवळून पाहिली असेल तर पडद्यांखालून जाणाऱ्या बारीक तारा आठवा. त्या तरफा. वादकाने वरची तार गंधारावर छेडली की खाली गंधारालाच मिळवलेली तरफ आपोआप झंकारते. तरफ उतरलेली असली तर गप्प राहते. इथेही तसंच आहे. बॅक्टेरिओक्लोरोफिलने, म्हणजे या जीवाणूंतल्या प्रकाश पकडणाऱ्या हरितद्रव्याने, फोटॉन (प्रकाशाचा एक कण) शोषला की त्याच्यातला इलेक्ट्रॉनांचा ढग प्रकाशाच्या कंपनसंख्येने हेलकावू लागतो. तो हेलकावा म्हणजे एक चिमुकला विद्युत द्विध्रुव, एका टोकाला धन आणि दुसऱ्याला ऋण भार. त्याचं क्षेत्र शेजारच्या रेणूपर्यंत पोचतं, आणि तो रेणू जुळत्या कंपनसंख्येचा असेल तर तो उत्तेजित होतो आणि पहिला शांत होतो. तरफेशी असलेलं साम्य इथे संपतं. सतारीत मूळ तारही वाजत राहते, दोघींत आवाज वाटला जातो. रेणूंच्या या देवघेवीत एकच फोटॉनभर ऊर्जा आहे, तिचे दोन तुकडे होत नाहीत. या देवघेवीचा वेग किती, याचं गणित थिओडोर फर्स्टर या जर्मन शास्त्रज्ञाने १९४०च्या दशकात मांडलं आणि ते आजही आम्ही रोज वापरतो.

त्या गणितातली एक गोष्ट पाठच करून ठेवा: हा वेग अंतराच्या सहाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. अंतर दुप्पट केलं की वेग चौसष्टपट कमी. शिवाय दोन्ही रेणू एकमेकांकडे कसे वळलेले आहेत हेही महत्त्वाचं. दोन द्विध्रुव एकमेकांना नको त्या कोनात आले, तर जवळ असूनही देवघेव जवळजवळ थांबते.

आता या सगळ्याला घाई का आहे ते बघा. उत्तेजित बॅक्टेरिओक्लोरोफिल साधारण एक नॅनोसेकंद टिकतं, म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. तेवढ्यात ऊर्जा कामाला लागली नाही तर ती उष्णता होऊन किंवा अंधूक अवरक्त प्रकाश होऊन निघून जाते. फोटॉन पकडल्या क्षणापासून हे घड्याळ चालू होतं. पुढची सगळी रचना या एका घड्याळाशी ताडून पाहिली की समजते. मीही ती तशीच समजले.

मुळात इतकी रंगद्रव्यं कशाला, एक अभिक्रिया केंद्र (जिथे ही ऊर्जा प्रत्यक्ष रासायनिक कामाला लागते ते प्रथिन) आणि एक रेणू पुरला नसता का? नाही पुरला. भर उन्हातसुद्धा एका हरितद्रव्य रेणूच्या वाट्याला सेकंदाला फार तर दहाएक फोटॉन येतात. अभिक्रिया केंद्र त्याहून कितीतरी वेगाने काम करू शकतं आणि ते बांधायला पेशीला खर्चही मोठा. कौलारू घरात पाऊस सगळ्या छपरावर पडतो, पण हंडा एकाच पन्हळीखाली ठेवतात, तसा हा हिशेब आहे. १९३२ साली रॉबर्ट इमर्सन आणि विल्यम आर्नल्ड यांनी क्लोरेला शैवालावर क्षणिक प्रकाशाच्या चमका टाकून मोजलं, तर ऑक्सिजनचा एक रेणू सुटायला सुमारे २,५०० हरितद्रव्य रेणू असल्याचं दिसलं. बहुतेक हरितद्रव्य रासायनिक काम करत नाही, ते फक्त गोळा करून पुढे देतं, हे तेव्हापासून कळू लागलं. जीवाणूंमधल्या या देवघेवीचा पाया नेदरलँड्सच्या लुई डॉइझन्स यांनी १९५२च्या आपल्या प्रबंधात घातला.

आता तुमच्या पुस्तकातली कडी. बाहेरचं छोटं कडं म्हणजे एलएच२. एलएच म्हणजे 'लाइट हार्वेस्टिंग', प्रकाश गोळा करणारं. ऱ्होडोस्यूडोमोनास अॅसिडोफिला या जीवाणूमधल्या एलएच२ची अणूअणूपर्यंतची रचना १९९५ साली ग्लासगोच्या रिचर्ड कॉग्डेल आणि नील आयझॅक्स यांच्या गटांनी दाखवली. ते चित्र प्रथम पाहिलं तेव्हा मी तुमच्याच वयाची होते, आणि त्याची झेरॉक्स मी कितीतरी वर्षं वहीत जपली. नऊ सारखे भाग, प्रत्येकात दोन छोटी प्रथिनं, आणि त्यांच्या कुशीत एकूण २७ बॅक्टेरिओक्लोरोफिल. त्यातली नऊ पटलाला समांतर आडवी पडलेली, एकमेकांपासून सुमारे २.१ नॅनोमीटरवर. ती ८०० नॅनोमीटरचा प्रकाश शोषतात म्हणून त्यांना बी८०० म्हणतात. उरलेली १८ उभी, भोंडल्याच्या फेरासारखी खांद्याला खांदा लावून, जेमतेम ०.९ नॅनोमीटर अंतरावर. ती ८५० नॅनोमीटरला शोषतात, म्हणून बी८५०.

मेख अशी की हे २७च्या २७ रेणू रासायनिकदृष्ट्या एकच आहेत. हे माझ्या मनावर पुस्तकाने ठसलं नाही, क्युव्हेटने (नमुना ठेवायच्या छोट्या पारदर्शक भांड्याने) ठसलं. शुद्ध केलेल्या एलएच२चा नमुना वर्णपटमापकात, म्हणजे कुठला प्रकाश किती शोषला जातो ते मोजणाऱ्या यंत्रात, ठेवला की कागदावर दोन देखणी शिखरं उमटतात, एक ८००ला, एक ८५०ला. त्याच नमुन्यातून अॅसिटोन-मेथॅनॉलने रंगद्रव्य बाहेर काढा आणि पुन्हा वर्णपट घ्या. दोन्ही शिखरं गायब, आणि ७७०च्या आसपास एकच नवं. प्रथिनाच्या कुशीतून सुटल्यावर तो रेणू आपल्या मूळच्या सुरात जातो. म्हणजे सूर लावला होता तो प्रथिनाने: कुणाला किती जवळ ठेवायचं, कुठे वळवायचं, भोवती काय ठेवायचं यातून. बी८५०च्या फेरात रेणू इतके जवळ आहेत की उत्तेजना एका रेणूची म्हणता येत नाही, ती काही शेजाऱ्यांवर मिळून पसरलेली असते. तिथे फर्स्टरचं साधं गणित जसंच्या तसं चालत नाही. दोन वेगळे रेणू आहेत असं धरण्याऐवजी फेराला एक मोठा रेणू धरून मांडणी करावी लागते.

बी८००वरून बी८५०वर ऊर्जा एका पिकोसेकंदाच्या आत जाते. पिकोसेकंद म्हणजे नॅनोसेकंदाचा हजारावा भाग. आणि ती उतारावरून जाते: ८०० नॅनोमीटरच्या फोटॉनची ऊर्जा १.५५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ८५०ची १.४६. फरक ०.०९. आपल्या खोलीच्या तापमानाला उष्णतेचा धक्का असतो सुमारे ०.०२६चा. उतार त्याच्या तिप्पट-साडेतिप्पट, म्हणून परत वर चढणं क्वचितच होतं. खाली आल्यावर जो फरक उरला तो उष्णता होऊन जातो. हा तोटा वाटेल, पण ऊर्जेला एकाच दिशेने न्यायचं तर काहीतरी मोजावं लागतंच.

एलएच२च्या एका कड्यातून शेजारच्या कड्यात आणि तिथून मोठ्या एलएच१ कड्यात पोचायला प्रत्येक वेळी काही पिकोसेकंद. एलएच१ साधारण ८७५ नॅनोमीटरला शोषतं आणि त्याच्या पोटात अभिक्रिया केंद्र बसलेलं असतं. एलएच१मधून अभिक्रिया केंद्रात जायला मात्र ३५ ते ५० पिकोसेकंद लागतात. सगळ्या प्रवासातला हा सगळ्यात संथ टप्पा, आणि तो शेवटच्या दारातच आहे.

असं का? मला यातलं सगळ्यात सुंदर वाटतं ते हेच. एलएच१ची रंगद्रव्यं अभिक्रिया केंद्राच्या खास जोडीपासून (इलेक्ट्रॉन देणाऱ्या दोन बॅक्टेरिओक्लोरोफिलांपासून) चार नॅनोमीटरहून जास्त अंतरावर ठेवलेली आहेत. जवळ आणली असती तर देवघेव झपाट्याने झाली असती, पण मग एक मोठा धोका होता. अभिक्रिया केंद्रात उत्तेजना पोचली की तिथली जोडी इलेक्ट्रॉन देऊन टाकते आणि स्वतः इलेक्ट्रॉनची भुकेली राहते. हाताशी दुसरं बॅक्टेरिओक्लोरोफिल असतं तर तिने त्याच्याकडून इलेक्ट्रॉन ओढून घेतला असता आणि गोळा करणारं कडंच बिघडलं असतं. इलेक्ट्रॉनच्या उडीचा वेग अंतराबरोबर घातांकी पद्धतीने कोसळतो, चार नॅनोमीटर त्याच्या आवाक्याबाहेर. उत्तेजनेचा वेग मात्र फक्त सहाव्या घाताने कमी होतो, तिला एवढं अंतर झेपतं. म्हणजे या अंतरावरून उत्तेजना येऊ शकते आणि इलेक्ट्रॉन जाऊ शकत नाही. तुम्ही विचारलंत ना, इलेक्ट्रॉन जातो का? तो जाऊ नये म्हणूनच एवढी जागा सोडलेली आहे.

आणि हा संथपणा परवडतो का, तर घड्याळ बघा. एकीकडे ५० पिकोसेकंदांत पोचण्याची वाट, दुसरीकडे १,००० पिकोसेकंदांत वाया जाण्याची. वाया जाणारा वाटा ५० भागिले १,०५०, म्हणजे पाच टक्क्यांहून कमी. पंचाण्णव टक्के तरी पोचतात.

अभिक्रिया केंद्रात आल्यावर मग इलेक्ट्रॉन खरोखर हलतो. तीनेक पिकोसेकंदांत तो जोडी सोडतो, सुमारे २०० पिकोसेकंदांत क्विनोन या इलेक्ट्रॉन स्वीकारणाऱ्या रेणूपर्यंत पोचतो, आणि तिथून पुढे रसायनशास्त्र सुरू होतं. या केंद्राची रचना योहान डायझेनहोफर, रॉबर्ट हुबर आणि हार्टमुट मिखेल यांनी उलगडली, त्यासाठी त्यांना १९८८चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. गंमत म्हणजे त्यांनी वापरलेल्या जीवाणूत, आजचं नाव ब्लास्टोक्लोरिस व्हिरिडिस, शेवटची पायरी चक्क चढाची आहे. त्याचं एलएच१ १,०१५ नॅनोमीटरच्या आसपास शोषतं आणि केंद्रातली जोडी ९६०ला. तरीही काम चालतं, कारण उष्णतेच्या धक्क्यांनी चढण चढली जाते आणि वर पोचताच इलेक्ट्रॉन इतक्या लवकर निघून जातो की परतीला वेळच राहत नाही. वर्गात उतारावरच्या घरंगळण्याचं चित्र शिकवतात, तेवढ्यावर थांबू नका. शेवटचं दार लवकर बंद होतं हे उताराइतकंच महत्त्वाचं आहे.

कॅरोटिनॉइडांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण त्यांना सोडून जांभळ्या जीवाणूंबद्दल बोलता येणार नाही. तो जांभळा-लाल रंग मुख्यतः त्यांचाच. ती निळा-हिरवा प्रकाश पकडून बॅक्टेरिओक्लोरोफिलला देतात. त्याहून मोठं काम संरक्षणाचं. उत्तेजित बॅक्टेरिओक्लोरोफिल कधी कधी ट्रिप्लेट नावाच्या जास्त काळ टिकणाऱ्या अवस्थेत अडकतं आणि मग ऑक्सिजनला अतिशय घातक रूप देतं. कॅरोटिनॉइड ती ट्रिप्लेट ऊर्जा आधीच काढून घेतं. रंगीत कॅरोटिनॉइड बनवू न शकणारा निळा-हिरवा उत्परिवर्ती जीवाणू प्रकाश आणि हवा एकत्र मिळाली की मरतो, हे १९५०च्या दशकातच दिसलं होतं. ठाण्याच्या खाडीत फ्लेमिंगो येतात, त्यांचा गुलाबी रंग खाण्यातून येणाऱ्या याच कुळातल्या द्रव्यांचा. लोक ऐरोलीला जाऊन पक्ष्यांचे फोटो काढतात. मला मात्र त्यांच्या पायाखालचा चिखलही तितकाच रंगीत वाटतो.

आता क्वांटमचा प्रश्न. याची कहाणी जांभळ्या जीवाणूंची नाही, हिरव्या गंधक-जीवाणूंची. ते अगदी अंधूक जागी राहतात. काळ्या समुद्रात सुमारे शंभर मीटर खाली त्यांची वस्ती आहे. म्हणून त्यांचं छप्पर प्रचंड: क्लोरोसोम नावाच्या एका पोत्यात लाख-दोन लाख रंगद्रव्यं, तीही प्रथिनाच्या चौकटीशिवाय एकमेकांना चिकटून रचलेली. तिथून अभिक्रिया केंद्राकडे जाताना मध्ये एफएमओ नावाचं छोटं प्रथिन लागतं. २००७ साली बर्कलीच्या ग्रॅहम फ्लेमिंग यांच्या गटाने ते ७७ केल्विनला थंड करून त्यावर लेझरचे स्पंद टाकले आणि मिळालेल्या संकेतात ६६० फेम्टोसेकंद टिकणारे हेलकावे पाहिले (फेम्टोसेकंद म्हणजे पिकोसेकंदाचा हजारावा भाग). ऊर्जा लाटेसारखी सगळ्या वाटा एकदम चाचपून सर्वांत चांगली वाट निवडते, असा अर्थ तेव्हा लावला गेला. तुम्ही वाचलेल्या मजकुराचं मूळ तिथे आहे.

त्यानंतरच्या दशकात हेच प्रयोग जास्त काळजीने, खोलीच्या तापमानालाही झाले. इलेक्ट्रॉनांच्या अवस्थांमधला असा सुसंगतपणा तिथे शंभर फेम्टोसेकंदही टिकत नाही, आणि ते लांब हेलकावे मुख्यतः रेणूंच्या अणूंच्या कंपनांचे होते, असं आता या क्षेत्रातल्या बहुतेकांचं मत आहे. माझंही आहे. २०२० साली बऱ्याच गटांनी मिळून तसा सविस्तर आढावाही लिहिला. तेव्हा क्वांटम कॉम्प्युटरसारखा शोध चालतो, हे खरं नाही. पण यात क्वांटम काहीच नाही, असंही म्हणू नका. बी८५०च्या फेरात उत्तेजना अनेक रेणूंवर पसरते, आणि तो फेर ७७०चा ८५०वर जातो त्यात या पसरण्याचा मोठा वाटा आहे, हे शुद्ध क्वांटमच आहे. ते तुमच्या कॉलेजच्या वर्णपटमापकातही दिसतं, थंड हेलियम लागत नाही.

या मोजमापांत फसायला किती वाव असतो हे सांगते, कारण पुढे तुम्ही आमच्यासारखं काम करायचं ठरवलंत तर उपयोगी पडेल. सुरुवातीच्या वर्षांत मी एलएच२मधल्या बी८५०चं आयुष्य मोजत होते. यायला हवं होतं एक नॅनोसेकंद. माझं येत होतं दहाएक पिकोसेकंद. पावसाळा होता, मुंबईच्या दमट हवेत लेझर आधीच बेजार करायचा, म्हणून मी दोन आठवडे आरसे पुसण्यात आणि नवे नमुने करण्यात घालवले. दोष नमुन्याचा नव्हता. मी फार जोराचे स्पंद टाकत होते. एकाच कड्यात दोन उत्तेजना एकदम पडत होत्या, त्या फिरत फिरत एकमेकींना भेटायच्या आणि एक नष्ट व्हायची. मी आयुष्य मोजत नव्हते, त्यांची टक्कर मोजत होते. प्रकाशाची तीव्रता निम्मी, मग पाव, मग त्याच्याही निम्मी अशी आणत गेले आणि काळ हळूहळू वाढत नॅनोसेकंदावर येऊन थांबला. तेव्हापासून आकडा बदलायचा थांबेपर्यंत तीव्रता कमी केल्याशिवाय मी कुठलाही आकडा वहीत पक्का लिहीत नाही. उन्हात असं होत नाही. एका कड्यात २७ रेणू, प्रत्येकाला सेकंदाला दहा फोटॉन धरले तरी एका नॅनोसेकंदात दुसरा येऊन पडण्याची शक्यता कोटीत दोन-तीन. निसर्गातली कडी एका वेळी एकच उत्तेजना हाताळतात.

शेवटी, तुम्ही स्वतः काय करून पाहू शकता ते. खाडीच्या काठचा काळा, गंधकाचा वास येणारा चिखल कॉलेजमार्फत रीतसर परवानगी काढून मिळवा. कांदळवन संरक्षित आहे, आपण होऊन उकरायला जाऊ नका. त्यात कागदाचे बारीक तुकडे, थोडी खडूची पूड आणि उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक किंवा चिमूटभर जिप्सम मिसळा. उंच, पारदर्शक बरणीत भरा आणि वर खाडीचंच पाणी ठेवा. झाकण घट्ट लावू नका, वायू साठतो. याला विनोग्राडस्कीचा स्तंभ म्हणतात. प्रकाशासाठी जुन्या पद्धतीचा, तारेचा पिवळा बल्ब वापरा, मुंबईच्या लोहार चाळीतल्या विजेच्या बाजारात अजून मिळतो. पांढऱ्या एलईडीत ८०० ते ९०० नॅनोमीटरचा अवरक्त भाग जवळजवळ नसतो, आणि तुमच्या पाहुण्यांचं मुख्य जेवण तेच आहे. बल्ब इतका जवळ नको की बरणी तापेल.

काही आठवड्यांत काचेवर गुलाबी-जांभळे डाग दिसू लागतील. साधारण दीड महिन्याने बारीक पिपेटने तो थर उचला, मिठाच्या पाण्यात धुवा आणि अर्धा भाग तसाच क्युव्हेटमध्ये घ्या. उरलेल्या अर्ध्यातून अंधारात, थंड जागी अॅसिटोन-मेथॅनॉलने रंगद्रव्य काढा. दोन्हींचे वर्णपट त्याच दिवशी ७०० ते ९५० नॅनोमीटरमध्ये घेऊन एकाच आलेखावर टाका. पहिल्यात ८०० आणि ८५०-८७५च्या आसपास उंचवटे यावेत, दुसऱ्यात ७७०ला. पेशी प्रकाश विखुरतात, त्यामुळे पहिल्याची तळरेषा तिरपी येईल. क्युव्हेट यंत्रातल्या शोधकाच्या (डिटेक्टरच्या) जितकी जवळ ठेवाल तितकी ती सरळ होईल. आलेख पाठवा, उंचवट्यांच्या उंचीवरून तुमच्या डागात एलएच२ जास्त आहे की एलएच१ ते आपण मिळून बघू.